पिंपावर नाव एक, आत द्रव दुसराच

औषधाच्या गोळीची वा बाटलीची तपासणी होते, हे सर्वांना ठाऊक असते. पण औषध ज्या कच्च्या मालापासून बनते तो माल कारखान्याच्या गोदामात उतरतो तेव्हा काय होते, याकडे सहसा लक्ष जात नाही. गेल्या शतकभरात खोकल्याच्या आणि तापाच्या औषधांनी घेतलेल्या बहुतेक सामूहिक बळींचे मूळ मात्र या गोदामाच्या दारातच सापडते.

सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, लहान मुले अचानक आजारी पडू लागली. सुरुवात साध्या सर्दी-तापाने झाली होती. औषध सुरू झाल्यावर उलट्या होऊ लागल्या, मग लघवी कमी झाली आणि काही दिवसांतच मूत्रपिंडे निकामी झाली. छिंदवाड्याहून मोठे उपचार जवळ म्हणजे नागपूर, त्यामुळे अनेक मुलांना तिथल्या रुग्णालयांत हलवण्यात आले. वीसहून अधिक मुले दगावली. या मुलांना ‘कोल्ड्रिफ’ नावाचे खोकल्याचे औषध देण्यात आले होते. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेत त्याची तपासणी झाली तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या बॅचचा वापर तत्काळ थांबवण्याचे आवाहन केले.

डायएथिलीन ग्लायकॉल, संक्षेपाने डीईजी, हे औषध नाही. ब्रेक ऑइल, इंजिन गोठू नये म्हणून घालायचे द्रव, छपाईची शाई, रंग, रेझिन अशा ठिकाणी वापरले जाणारे ते औद्योगिक रसायन आहे. औषधाच्या सूत्रात त्याला कुठेही जागा नाही. मग जवळजवळ अर्धी बाटली त्याने भरली कशी? त्याचे उत्तर औषध बनवण्याच्या कृतीत नाही, तर औषध बनवण्याआधी गोदामात काय उतरले आणि ते कोणी तपासले, यात आहे.

दिसायला सारखे, चवीलाही सारखे

मुलांची पातळ औषधे बनवताना मूळ औषधी द्रव्य विरघळवावे लागते. पाण्यात सगळीच द्रव्ये विरघळत नाहीत. म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सॉर्बिटॉलचे द्रावण असे घट्टसर, गोडसर द्रव त्यात घालतात. ते औषध विरघळवतात, त्याला दाटपणा देतात आणि कडू चव झाकतात. औषधी दर्जाचे हे द्रव ठरलेल्या मर्यादेत सुरक्षित असतात.

अडचण अशी, की डीईजीही रंगहीन, जवळजवळ गंधहीन, दाट आणि चवीला गोड आहे. दोन ग्लासांत ग्लिसरीन आणि डीईजी ओतून ठेवले, तर नुसत्या नजरेने कोणते कोणते हे खात्रीने सांगता येणार नाही. डीईजी स्वस्तही असते. त्यामुळे लोभापायी कोणी ते जाणूनबुजून ग्लिसरीनच्या नावाने विकतो, तर कुठे औद्योगिक दर्जाचा माल औषधी दर्जाच्या लेबलखाली खपवला जातो. एथिलीन ग्लायकॉल हे त्याचेच भावंड, तेवढेच घातक.

शरीरात गेल्यावर डीईजीचे रूपांतर यकृतात होते. दारू पचवणारे विकर, म्हणजे अल्कोहोल डीहायड्रोजनेज, हेच त्यावरही काम करते. त्यातून पुढे डायग्लायकॉलिक आम्ल तयार होते. हे आम्ल मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींत साठते आणि त्या पेशी मारते. लघवी तयार होणे थांबते, रक्तात आम्लता वाढते, पुढे हातापायांतील शक्ती जाते, बेशुद्धी येते. ते विकर रोखणारे फोमेपिझोल हे औषध आणि डायलिसिस लवकर मिळाले तर काही रुग्ण वाचतात. पण साध्या खोकल्याच्या औषधाने असे झाले असेल, ही शंका यायलाच पहिले मौल्यवान दिवस निघून जातात.

किती डीईजीने जीव जातो? माणसांवर याचे प्रयोग करता येत नाहीत. दुर्घटनांच्या अभ्यासातून निघालेला अंदाज शरीराच्या वजनाच्या किलोमागे एक मिलिलिटरच्या आसपासचा आहे. काहींच्या बाबतीत त्याच्या पाव भागानेही घात केला आहे. आता हिशेब करून पाहावा. दहा किलो वजनाच्या मुलाला ४८.६ टक्के डीईजी असलेले औषध ५ मिलिलिटर, दिवसातून तीनदा दिले, तर दिवसाला सुमारे साडेसहा मिलिलिटर डीईजी पोटात जाते. दोन दिवसांत १३ मिलिलिटर. डॉक्टरांनी सांगितलेला डोस आई-वडिलांनी अगदी बरोबर मोजून पाजला, तरी दुसऱ्या दिवशी ते मूल घातक सीमा ओलांडलेले असते.

जे. जे. रुग्णालयाची आठवण

महाराष्ट्राला हे नवीन नाही. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या सर जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. डोळ्यातील किंवा कवटीतील दाब कमी करण्यासाठी त्यांना ग्लिसरीन देण्यात आले होते. त्या ग्लिसरीनमध्ये डीईजी मिसळलेले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. चौकशी एका पुरवठादारापुरती राहिली नाही. रुग्णालयाची खरेदी, औषध प्रशासनाची ढिलाई आणि मंत्र्यांचा हस्तक्षेप, असा सगळा गुंता आयोगाने उलगडला. रुग्णालयाचा औषधसाठा हेही एक गोदामच असते आणि तिथे आलेला माल लेबलावर विश्वास ठेवून थेट रुग्णापर्यंत गेला, हा त्यातला सर्वांत साधा आणि सर्वांत महागडा धडा होता.

जगभरातली यादी यापेक्षा बरीच लांब आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत ‘एलिक्झिर सल्फानिलामाइड’ या औषधाने शंभराहून अधिक लोकांचा बळी घेतला. तिथे तर फसवणूकही नव्हती. सल्फा औषध विरघळते म्हणून कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने डीईजी मुद्दाम वापरले आणि ते विषारी आहे का, हे कोणी पाहिलेच नाही. त्या धक्क्यातून पुढच्याच वर्षी अमेरिकेचा औषधविषयक कायदा आला आणि औषध बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित असल्याचे दाखवणे बंधनकारक झाले. त्यानंतरच्या बहुतेक घटनांत मात्र कारखानदाराने डीईजी मागवलेलेच नव्हते. त्याने मागवले होते ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल. पिंपात दुसरेच काही आले आणि ते दारात कोणी ओळखले नाही.

१९९५-९६ मध्ये हैतीत पॅरासिटामॉलच्या पातळ औषधाने ८० हून अधिक मुले गेली. १९९८ मध्ये दिल्ली आणि गुडगाव परिसरात ३० हून अधिक मुले दगावली. २००६ मध्ये पनामात, २०१९-२० मध्ये जम्मूतील उधमपूर जिल्ह्यातल्या रामनगरला, २०२२ मध्ये गांबिया, इंडोनेशिया आणि उझबेकिस्तानात हेच घडले. एकट्या इंडोनेशियात दोनशेहून अधिक मुले मृत्युमुखी पडली. गांबियातील सुमारे ७० मुलांच्या मृत्यूंनंतर जागतिक आरोग्य संघटनेने ज्या चार औषधांबाबत इशारा दिला, ती भारतात बनलेली होती. भारत सरकारने त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. पण पुढे जून २०२३ पासून खोकल्याची पातळ औषधे निर्यात करण्याआधी ती सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासून घेणे सक्तीचे केले.

ट्रक दारात आल्यावर काय व्हायला हवे?

चांगल्या औषध कारखान्यात माल उतरवून घेणे हे हमाली काम समजले जात नाही. ट्रक लागला की पहिली पडताळणी कागदांची होते. आपण दिलेली ऑर्डर, पुरवठादाराचे चलान आणि पिंपांवरची लेबले या तिन्हींवर मालाचे नाव, दर्जा, बॅच क्रमांक, उत्पादकाचे नाव आणि वजन एकच आहे का? पुरवठादार कंपनीच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का? मूळ उत्पादक कोण आणि मधले व्यापारी किती? ‘प्रॉपिलीन ग्लायकॉल’ एवढेच लिहिले असेल तर ते पुरेसे नाही. त्यापुढे औषधसंहितेचा दर्जा, म्हणजे आयपी, बीपी किंवा यूएसपी असे अक्षर हवे. ते नसेल, तर तो माल औषधासाठी नाही.

दुसरी पडताळणी पिंपाची. बूच आणि झाकणावरचे सील शाबूत आहे का, एखादे पिंप पुन्हा उघडून बंद केल्यासारखे दिसते का, लेबलाखाली जुने लेबल डोकावते का, गळती, गंज, पोचा आहे का, हे प्रत्येक पिंपाजवळ जाऊन पाहायचे असते. एकाच ट्रकमध्ये दोन बॅचचा माल आला असेल, तर त्या दोन वेगळ्या खेपा समजून वेगळ्या ठेवायच्या.

तिसरी गोष्ट वजनाची. वजनकाटा कमी भरलेला माल पकडण्यासाठी असतो, असा समज आहे. पण तो थोडीफार ओळखही सांगतो. ग्लिसरीनची घनता पाण्याच्या सव्वापट, म्हणजे सुमारे १.२६ आहे. डीईजीची सुमारे १.१२ आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलची सुमारे १.०४. म्हणजे २०० लिटर ग्लिसरीनचे वजन सुमारे २५२ किलो भरायला हवे, तर तेवढ्याच डीईजीचे २२४ किलो भरेल. पूर्ण पिंपच बदललेले असेल, तर हा २८ किलोंचा फरक लपत नाही.

त्यानंतर माल थेट साठ्यात जात नाही. त्याला ‘क्वारंटाइन’ असे पिवळे लेबल लागते आणि तो वेगळ्या, कुलूपबंद किंवा आखून दिलेल्या जागेत थांबतो. गुणवत्ता विभागाचा माणूस येऊन नमुना घेतो. प्रयोगशाळेने मंजुरी दिली की हिरवे लेबल, नाकारले तर लाल. लेबलांचे रंग कारखान्यागणिक थोडे बदलतील, पण तत्त्व एकच आहे. मंजुरी नसलेल्या पिंपातून एक थेंबही उत्पादनाकडे जाता कामा नये. हा निर्णयही उत्पादन विभागाने किंवा खरेदी विभागाने घ्यायचा नसतो, कारण ज्याला माल लवकर हवा आहे त्याच्या हातात मालाचा निकाल ठेवू नये. सुधारित ‘शेड्यूल एम’, म्हणजे औषध उत्पादनाच्या दर्जाविषयीचे भारतातील नियम, याच शिस्तीवर उभे आहेत.

वर्गमूळ अधिक एक: सोयीचा पण फसवा नियम

खेपेत ४९ पिंपे आली. नमुने किती घ्यायचे? गोदामांत पूर्वापार चालत आलेला एक नियम आहे. पिंपांच्या संख्येचे वर्गमूळ काढा आणि त्यात एक मिळवा. ४९ चे वर्गमूळ ७, म्हणून ८ पिंपांतून नमुने. माल सगळीकडे सारखाच आहे, असा विश्वास असेल तेव्हा हा नियम ठीक आहे. आर्द्रता किती, शुद्धता किती टक्के, असे गुणधर्म संपूर्ण बॅचमध्ये साधारण सारखे असतात.

पण प्रश्न ‘माल किती चांगला आहे’ हा नसून ‘या पिंपात नेमके आहे काय’ हा असेल, तर हाच नियम घातक ठरतो. ४९ पैकी एकच पिंप बदललेले असेल, तर ते आपल्या ८ नमुन्यांत येण्याची शक्यता ४९ पैकी ८, म्हणजे जेमतेम १६ टक्के. शंभरपैकी ८४ वेळा ते पिंप निसटेल. दोन पिंपे खराब असतील, तरीही दोन्ही निसटण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या घरात राहते.

त्यात आणखी एक मेख आहे. खर्च वाचवण्यासाठी आठही नमुने एकत्र मिसळून एकच चाचणी करण्याची पद्धत आहे. डीईजी आणि एथिलीन ग्लायकॉल यांची कच्च्या मालातील कमाल मर्यादा प्रत्येकी ०.१० टक्के आहे. समजा, आठांपैकी एका पिंपात ०.५ टक्के डीईजी आहे, म्हणजे मर्यादेच्या पाचपट, आणि बाकी सात स्वच्छ आहेत. मिसळल्यावर ते प्रमाण ०.०६ टक्क्यावर येते आणि सगळीच खेप उत्तीर्ण होते. विष नाहीसे झालेले नसते, ते सरासरीत लपलेले असते.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत कच्च्या मालाच्या प्रत्येक पिंपातील पदार्थाच्या ओळखीची खात्री करायला सांगितले आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पनामाच्या घटनेनंतर, मे २००७ मध्ये, ग्लिसरीनबाबत स्वतंत्र सूचना काढली. २०२३ मध्ये ती आणखी विस्तारली आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉलचे द्रावण, माल्टिटॉलचे द्रावण अशा जोखमीच्या इतर द्रवांनाही लागू केली. सूत्र सोपे आहे. पिंपे ४९ असतील, तर चाचण्याही ४९.

नमुना कसा घेतला, यावरही बरेच ठरते. पिंपाच्या तोंडाशी चमचा बुडवून काम भागत नाही. दाट द्रव नीट मिसळलेले नसतील, तर वरचा आणि तळाचा भाग वेगळा असू शकतो. स्वच्छ, कोरडी लांब नळी तळापर्यंत सोडून वरचा, मधला आणि खालचा भाग मिळेल असा नमुना काढायचा असतो. एका पिंपातली नळी न धुता दुसऱ्यात घातली, तर तपासणीच भेसळीचे कारण होते. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून झाकण जास्त वेळ उघडे ठेवायचे नाही. थोडा नमुना सील करून जपूनही ठेवायचा, कारण उद्या काही विपरीत घडले तर सत्य सांगणारी तीच एक बाटली उरते.

प्रयोगशाळेत गुन्हेगार कसा सापडतो?

घनता किंवा अपवर्तनांक मोजणे हे स्वस्त आणि पाच मिनिटांचे काम आहे. पण पूर्ण बदललेला मालच त्यात पकडला जातो. ग्लिसरीनमध्ये एक टक्का डीईजी असेल, तर घनता तिसऱ्या दशांश स्थानावर किंचित हलते. एक टक्का ओलावा शिरला तर ती त्याहून अधिक हलते. म्हणजे काट्यावरचा फरक विषाचा की पाण्याचा, हे कळायला मार्ग नाही. गोदामात पिंपाशेजारीच उभे राहून प्रकाशाच्या साहाय्याने पदार्थ ओळखणारी हातात धरायची रामन यंत्रेही आता मिळतात. भारतीयांना अभिमान वाटावा असे नाव त्यांना लाभले आहे आणि चुकीचे पिंप ओळखायला ती उपयोगी आहेत. पण ०.१० टक्क्याइतकी सूक्ष्म भेसळ शोधणे हे त्यांचे काम नव्हे.

त्यासाठी खात्रीची पद्धत म्हणजे वायू वर्णलेखन, प्रयोगशाळेच्या भाषेत गॅस क्रोमॅटोग्राफी किंवा नुसते ‘जीसी’. नमुन्याचा अगदी छोटा थेंब तापवून वाफ करतात आणि एखाद्या वायूच्या झोताबरोबर केसासारख्या बारीक, कित्येक मीटर लांब नळीतून पाठवतात. नळीच्या आतल्या लेपाला कोणता रेणू किती चिकटतो, त्यावर तो किती वेळाने बाहेर पडेल हे ठरते. एथिलीन ग्लायकॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल, डीईजी, ग्लिसरीन हे सगळे आपापल्या ठरलेल्या वेळी बाहेर येतात आणि कागदावर वेगवेगळे सुळके उमटतात. दिसायला जुळे असलेले द्रव इथे एकेकटे उभे राहतात. सुळक्याच्या आकारावरून प्रमाणही कळते.

जिथे जीसी यंत्र नाही, तिथे पातळ थरावरील वर्णलेखन, म्हणजे टीएलसी, हा स्वस्त पर्याय चाळणी म्हणून चालतो. लेप दिलेल्या पट्टीवर नमुन्याचा ठिपका देऊन ती योग्य द्रावकात उभी करतात. वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या उंचीपर्यंत चढतात. संशयास्पद ठिपका दिसला, की तो नमुना जीसीकडे पाठवायचा. जागतिक आरोग्य संघटनेनेही पातळ औषधांच्या तपासणीसाठी आधी टीएलसी आणि मग जीसी अशी दोन पायऱ्यांची पद्धत मांडली आहे.

कागदाचा प्रवास आणि मालाचा प्रवास

मग तपासणी टळते कुठे? बहुतेक वेळा एका कागदापाशी. प्रत्येक बॅचबरोबर उत्पादकाचे विश्लेषण प्रमाणपत्र येते. चाचण्यांची नावे, मर्यादा, निकाल आणि खाली सही-शिक्का. हे प्रमाणपत्र पाहून ‘माल योग्य’ अशी नोंद करण्याचा मोह मोठा असतो.

पनामाची कथा या मोहाची किंमत सांगते. चीनमधून निघालेली ४६ पिंपे तीन खंडांतील तीन व्यापारी कंपन्यांच्या हातांतून पनामात पोहोचली. लेबलावर ९९.५ टक्के शुद्ध ग्लिसरीन असे लिहिलेले होते. वाटेत प्रमाणपत्रावरचे मूळ उत्पादकाचे नाव बदलले गेले. एकाही टप्प्यावर पिंप उघडून आतला द्रव कोणी तपासला नाही. सरकारी प्रयोगशाळेने त्यातून खोकल्याच्या औषधाच्या सुमारे २ लाख ६० हजार बाटल्या बनवल्या. मृतांचा आकडा शंभराच्या पुढे गेला. कागद आणि माल एकत्र प्रवास करतात खरे, पण कागद वाटेत बदलतो आणि माल न बोलता पुढे जात राहतो.

मोठ्या पिंपातला माल लहान कॅनमध्ये भरून विकणाऱ्या व्यापाऱ्यांकडे हा धोका वाढतो. छोट्या कारखान्याला २१५ किलोचे पिंप नको असते, पन्नास किलो पुरतात. माल फोडून विकला की मूळ उत्पादकाचे सील तुटते, लेबल व्यापाऱ्याचे लागते आणि प्रमाणपत्राची उरते ती छायाप्रत. त्या छायाप्रतीचा कॅनमधल्या द्रवाशी संबंध आहे, हे सिद्ध करणारे काहीच राहत नाही. कोल्ड्रिफच्या प्रकरणात वापरलेले प्रॉपिलीन ग्लायकॉल औषधी दर्जाचे नव्हते, असे तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाला आढळले. कारखान्याच्या तपासणीत साडेतीनशेहून अधिक त्रुटी नोंदल्या गेल्या.

छोट्या उत्पादकांची बाजूही समजून घ्यावी लागते. जीसी यंत्राला लाखो रुपये लागतात, शिवाय प्रशिक्षित विश्लेषक, वायूचे सिलिंडर आणि प्रमाणित नमुने हवेत. पण यंत्र स्वतःचेच हवे, अशी अट नाही. मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेकडून चाचणी करून घेता येते. त्यात काही दिवस जातात, तेवढे दिवस माल पिवळ्या लेबलाखाली पडून राहतो आणि यंत्रे थांबतात. तपासणी टळते ती बहुधा या थांबण्याच्या भीतीने.

या थांबण्याचे मोल किती, तेही मोजता येते. समजा, ६० मिलिलिटरच्या एका बाटलीत ९ ग्रॅम ग्लिसरीन जाते. २५० किलोच्या एका पिंपातून सुमारे २७ हजार बाटल्या भरतील. दारात थांबवायचे असते ते एक पिंप. ते सुटले, तर पुढे २७ हजार बाटल्या शोधत गावोगावच्या औषध दुकानांत आणि घराघरांतल्या फडताळांत जावे लागते. तोवर किती बाटल्या उघडल्या गेल्या असतील, याचा हिशेब कोणाकडेच नसतो.

तयार औषधाची शेवटची चाचणी असतेच की, असा प्रश्न यावर येतो. पण बाटलीत औषधी द्रव्य किती आहे, एवढेच मोजणाऱ्या चाचणीला डीईजी दिसत नाही. पॅरासिटामॉल बरोबर मात्रेत भरले, तर ती बाटली उत्तीर्ण ठरते, मग उरलेला द्रव काहीही असो. जे शोधायचे ठरवलेच नाही, ते चाचणीत सापडत नाही. म्हणून आता तयार पातळ औषधांतही डीईजी आणि एथिलीन ग्लायकॉल तपासण्यावर भर दिला जात आहे. ही दुसरी चाळणी हवीच, पण ती पहिलीची जागा घेऊ शकत नाही.

बाटली घरी आल्यावर

ग्राहकाच्या हाती प्रयोगशाळा नसते. तरीही काही गोष्टी त्याच्या हातात आहेत. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केले, की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती साधारणपणे देऊ नयेत. लहान मुलांचा बहुतेक खोकला विषाणूजन्य असतो आणि तो पुरेसे पाणी, विश्रांती यांनी आपोआप बरा होतो. गरज नसलेले औषध घरात आलेच नाही, तर त्यातली भेसळही येत नाही.

औषध घ्यावेच लागले, तर बिल घ्यावे आणि ते बाटलीबरोबर जपून ठेवावे. बाटलीवरचा बॅच क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक एकच आहे का, हे पाहावे. गोदामात जी पहिली पडताळणी होते, तीच ही घरगुती आवृत्ती. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला निकृष्ट ठरलेल्या औषधांची यादी बॅच क्रमांकांसह जाहीर करते. त्या यादीत आपली बाटली आहे का हे कळायचे, तर क्रमांक हाताशी हवा.

पातळ औषध सुरू केल्यावर मुलाला सारख्या उलट्या होत असतील, पोटात दुखत असेल, ते गळून गेले असेल आणि विशेषतः लघवी कमी झाली किंवा थांबली असेल, तर औषध लगेच बंद करून रुग्णालय गाठावे. बाटली फेकून देऊ नये, ती बरोबर न्यावी. डॉक्टरांच्या निदानाला त्या उरलेल्या चार थेंबांची मदत होते आणि बाकीच्या मुलांपर्यंत ती बॅच पोहोचू नये, यासाठीही तेच थेंब कामी येतात.